शिक्षकाची साक्ष : अतिचंचल विद्यार्थ्यांच्या औषधोपचाराचा इतिहास

प्रस्तावना

नागपूर-छिंदवाडा मार्गावर, नागपूरपासून सुमारे ६५ ते ७० किलोमीटर अंतरावर, सौंसर तालुक्यात जामसांवली हे गाव आहे. पहुडलेल्या हनुमंताचे येथील देवस्थान विदर्भात आणि मध्यप्रदेशात सर्वदूर परिचित आहे. येथे येणाऱ्या भाविकांमध्ये मनाच्या आजारावर उतारा शोधणाऱ्यांची संख्या मोठी असते. मूर्तीच्या नाभीतून येणारे जल तीर्थ म्हणून घेतले जाते आणि अनेक रुग्ण नातेवाइकांसह परिसरात मुक्कामाला राहतात. ऑगस्ट २०२३ मध्ये येथे 'हनुमान लोक' प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला.

संत्री व कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात घराघरांत मराठी बोलली जाते. शाळेचा व कचेरीचा व्यवहार मात्र हिंदीत चालतो. अशा भागात एखाद्या मुलाचे चित्त थाऱ्यावर राहत नसेल, तो वर्गात बसत नसेल, अर्धे काम टाकून उठत असेल, तर त्याच्या पालकांसमोर साधारणतः तीन वाटा असतात. पहिली शाळेतील छडीची, दुसरी देवस्थान किंवा दर्ग्याची आणि तिसरी डॉक्टरच्या गोळीची. पहिली वाट बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने बंद केली असली तरी ती पुरती बुजलेली नाही. दुसरी जुनी व ओळखीची आहे. तिसरीविषयी शिक्षकवर्गात दोन टोकाची मते आढळतात. काहींना ती जादूची कांडी वाटते, तर काहींना मुलाला गुंगवून ठेवण्याचा उद्योग वाटतो.

प्रस्तुत लेखात या तिसऱ्या वाटेचा इतिहास तपासावयाचा आहे. हा इतिहास औषधशास्त्राचा असला तरी त्यात सुरुवातीपासून शिक्षकाचे स्थान महत्त्वाचे राहिले आहे. गोळी डॉक्टरने दिली, परंतु ती लागू पडली की नाही हे बहुतेक वेळा शिक्षकाने सांगितले. त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षकांनी, विशेषतः भावी शिक्षक घडविणाऱ्यांनी, हा इतिहास जाणून घेणे आवश्यक ठरते.

नावे बदलत गेली

अवधान टिकत नाही ही तक्रार नवी नाही. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्राइटन यांनी १७९८ च्या आपल्या ग्रंथात अवधानाच्या विकारांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी ४३ मुलांची निरीक्षणे मांडली. ही मुले बुद्धीने कमी नव्हती. मात्र स्वतःला आवरणे त्यांना जमत नव्हते. स्टिल यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील दोष असे म्हटले. म्हणजे नाव देतानाच मुलाच्या नीतीवर बोट ठेवले गेले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेंदूज्वराची साथ आली. त्यातून वाचलेल्या अनेक मुलांचे वर्तन बदलले. ती उतावीळ, चिडखोर, अस्थिर झाली. यावरून दोष नीतीत नसून मेंदूत असावा, असा विचार पुढे आला आणि 'मेंदूची सूक्ष्म इजा' हे नाव रूढ झाले. इजा दाखवता येईना, तेव्हा 'मेंदूचा सूक्ष्म कार्यदोष' असे म्हटले जाऊ लागले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ साली 'बालपणातील अतिक्रियाशील प्रतिक्रिया' ही संज्ञा आली. १९८० साली भर अवधानाच्या न्यूनतेवर गेला आणि १९८७ साली अवधान व अतिक्रियाशीलता या दोन्हींना जोडणारे 'एडीएचडी' हे आजचे नाव रूढ झाले.

भाषेच्या अभ्यासकाला यात एक गोष्ट जाणवेल. नीती, मेंदू आणि अवधान असा हा नावांचा प्रवास आहे. मराठीत आपण अशा मुलाला व्रात्य, खोडकर, उनाड म्हणतो. उर्दूत तो शरारती किंवा बेपर्वा ठरतो. हे सर्व शब्द स्टिल यांच्या काळातले आहेत. त्यांत मुलाचा दोष गृहीत धरलेला आहे. 'अवधान' किंवा 'तवज्जोह' या शब्दांत तो आरोप नाही. शिक्षक कोणता शब्द वापरतो यावर पालक कोणती वाट धरतील हे पुष्कळसे अवलंबून असते.

१९३७ : दोन घटना

औषधोपचाराचा प्रारंभ अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात झाला. तेथे जॉर्ज ब्रॅडली या श्रीमंत गृहस्थाची मुलगी एमा सातव्या वर्षी मेंदूज्वराने कायमची आजारी झाली. तिच्या नावाने १९३१ साली मुलांसाठी एक रुग्णालय सुरू झाले. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूची क्ष-किरण तपासणी करीत. त्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरावी लागे. यामुळे मुलांचे डोके भयंकर दुखे. ते थांबावे म्हणून ब्रॅडली यांनी बेन्झेड्रीन हे ॲम्फेटामाइन वर्गातील उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. परंतु काही मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला, असे रुग्णालयातील शिक्षकांना दिसून आले.

ब्रॅडली यांनी मग ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा झाली. उत्तेजक औषधाने मुले शांत व्हावीत याचे स्वतः ब्रॅडली यांनाही आश्चर्य वाटले. मुलांनी या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असे नाव दिले. नोव्हेंबर १९३७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. येथे नोंद घेण्यासारखी बाब अशी की, या शोधाचे मोजमाप रक्ताच्या तपासणीत झाले नव्हते. ते वर्गातील वहीत झाले होते.

योगायोग असा की, याच १९३७ साली मुंबईत भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. भायखळ्याजवळील नागपाडा हा गिरणी कामगारांचा आणि गरिबांचा, मोठ्या मुस्लिम वस्तीचा भाग. तेथील नागपाडा नेबरहुड हाऊसमध्ये १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले होते. पुढे तेच टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने प्रसिद्धीस आले. या विद्यालयाने हे केंद्र सुरू केले. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता मिळून मुलाचा विचार करतात. घर, शाळा आणि परिस्थिती पाहतात. म्हणजे एकाच वर्षी एका देशात गोळी आली आणि दुसऱ्या देशात मुलाच्या परिस्थितीकडे पाहण्याची रीत आली. या दोन प्रवाहांना एकत्र येण्यास मात्र फार काळ लागला.

गोळीचा प्रसार आणि शंका

ब्रॅडली यांच्या शोधाकडे जवळजवळ वीस वर्षे दुर्लक्ष झाले. दरम्यान १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंड्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रीटा. त्यावरून औषधाला 'रिटालिन' हे नाव मिळाले. १९५० च्या दशकात ते बाजारात आले ते प्रौढांचा थकवा व उदासीनता यांवरील औषध म्हणून. मुलांसाठी त्याचा वापर पुढील दशकात वाढला.

या वाढीबरोबर मोजमापाची गरज निर्माण झाली. १९६९ साली मानसशास्त्रज्ञ कीथ कॉनर्स यांनी औषधांच्या अभ्यासासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती शिक्षकांनी भरावयाची होती. मूल जागेवर बसते काय, काम पुरे करते काय, इतरांना त्रास देते काय, अशा वर्तनाला शिक्षकाने गुण द्यावयाचे. ब्रॅडली यांच्या रुग्णालयात जे सहज घडले त्याला आता पद्धतीचे रूप आले. शिक्षक हा औषधाच्या परिणामाचा अधिकृत साक्षीदार ठरला.

परंतु साक्षीदार आणि न्यायाधीश यांतील सीमारेषा पुसट झाली की काय होते, हे लवकरच दिसले. जून १९७० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या दैनिकाने ओमाहा शहरातील शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात असल्याचे वृत्त दिले. पुढे हा आकडा फुगलेला असल्याचे दिसून आले. तथापि पालकांमध्ये खळबळ माजली आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. शाळेच्या दबावामुळे मुलाला गोळी द्यावी लागते, ही पालकांची तक्रार त्यानंतरही वारंवार पुढे येत राहिली. अखेर २००४ च्या विशेष शिक्षणविषयक कायद्यात, शाळेत बसू देण्यासाठी औषधाची अट घालण्यास अमेरिकेत मनाई करण्यात आली.

दुसरी महत्त्वाची शंका १९७८ साली शास्त्रज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांच्या प्रयोगाने पुढे आणली. त्यांनी कोणताही विकार नसलेल्या मुलांना ॲम्फेटामाइन वर्गातील औषधाची एक मात्रा दिली. त्या मुलांचेही अवधान सुधारले व हालचाल कमी झाली. याचा अर्थ स्पष्ट आहे. औषधाने मूल शांत झाले म्हणून त्याला विकार होताच, हे सिद्ध होत नाही. 'मात्रा लागू पडली, म्हणजे रोग तोच' हा तर्क येथे चुकतो. निदान आधी काळजीपूर्वक व्हावयास हवे, गोळीने निदान करता येत नाही.

पुराव्याने काय सांगितले

या वादांमुळे मोठ्या अभ्यासाची निकड निर्माण झाली. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १४ महिने चाललेल्या या अभ्यासात मुलांचे चार गट केले होते. एका गटाला काळजीपूर्वक नियंत्रित औषध, दुसऱ्याला वर्तनोपचार, तिसऱ्याला दोन्ही आणि चौथ्याला गावात मिळेल तो नेहमीचा उपचार. मूळ लक्षणांवर नियंत्रित औषधाचा परिणाम वर्तनोपचारापेक्षा अधिक दिसला. दोन्ही उपचार मिळालेल्या मुलांना तुलनेने कमी मात्रेत तितकाच लाभ झाला. चौथ्या गटातील पुष्कळ मुलांनाही औषध मिळत होते. तरी त्यांची प्रगती कमी होती. म्हणजे केवळ गोळी महत्त्वाची नव्हती. दर महिन्याला भेट, शिक्षकाकडून माहिती आणि तिच्या आधारे मात्रेत बदल ही शिस्त महत्त्वाची होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात तीन वर्षांनंतर गटांमधील फरक उरला नसल्याचे आढळले. गोळी काम करते, परंतु एकदा दिली आणि विसरून गेले असे तिचे काम नाही.

या औषधांनी मेंदूतील डोपामाइन व नॉरॲड्रेनॅलिन या संदेशवाहक द्रव्यांची उपलब्धता वाढते, त्यामुळे आवरून धरण्याची आणि लक्ष टिकवण्याची क्षमता काही तास सुधारते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकतो. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, पोट दुखणे, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे हे परिचित दुष्परिणाम आहेत. शाळेत मिळणारे दुपारचे भोजन हेच ज्या मुलाचे दिवसातले पोटभर जेवण आहे, त्याची दुपारची भूक मरणे ही क्षुल्लक बाब नव्हे. रमजानमध्ये रोजा ठेवणारा विद्यार्थी औषध घेत असेल तर वेळा आणि मात्रा यांचा निर्णय त्याने डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावयास हवा. स्वतःच गोळी बंद करणे किंवा दोन गोळ्या एकदम घेणे योग्य नाही.

२०१२ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबर आहे. म्हणून डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते. अशा मुलांमध्ये जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा निदानाचे प्रमाण मुलग्यांत ३० टक्क्यांनी आणि मुलींत ७० टक्क्यांनी अधिक आढळले. औषध मिळण्याचे प्रमाणही असेच वाढलेले होते. वयाने लहान असणे हाच काही मुलांचा 'विकार' ठरला होता. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी अंदाजाने जन्मतारीख लिहिण्याची जुनी सवय पाहता, हा निष्कर्ष आपल्या शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा.

भारतातील चित्र

भारतात मिथाइलफेनिडेट हे औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात आहे. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतही त्याचा समावेश आहे. ते विकण्यास दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत असावी लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवावी लागते. गैरवापर रोखण्यासाठी हे बंधन योग्यच आहे. मात्र त्याचा परिणाम असा की, तालुक्याच्या गावी हे औषध सहजी मिळत नाही आणि त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. उत्तेजक नसलेले ॲटोमॉक्सेटिन हे औषध अमेरिकेत २००२ साली मान्य झाले व पुढे भारतातही आले. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

कायद्याच्या पातळीवर महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे. तीत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. त्यामुळे या विद्यार्थ्याला कायद्याचा आधार कमी आणि शिक्षकाच्या समजुतीचा आधार अधिक लागतो.

जामसांवलीच्या परिसराचा विचार करता आणखी एक ऐतिहासिक बाब समोर येते. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती व छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. अंतर तेवढेच राहिले, परंतु देवस्थान एका राज्यात आणि जवळचे जुने मनोरुग्णालय दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्यप्रदेशाचा समावेश होता. निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत, असे त्या सर्वेक्षणाने देशाविषयी सांगितले. जेथे उपचारच पोहोचत नाहीत तेथे माणसे श्रद्धास्थानाकडे वळली, तर त्यांना केवळ अंधश्रद्धाळू म्हणून मोकळे होणे न्यायाचे नाही.

औषधाविषयीची भीतीही निराधार म्हणता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा व लगतच्या भागातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. त्यांपैकी अनेक बालकांवर नागपुरात उपचार सुरू होते. या घटनेचा अतिचंचलतेच्या औषधांशी संबंध नाही. परंतु त्या भागातील एखादी आई 'हे औषध खात्रीचे आहे ना?' असे विचारत असेल, तर तिला अडाणी ठरवणाऱ्याने हा अलीकडचा इतिहास विसरू नये. तिला नीट उत्तर मिळाले पाहिजे.

दवा आणि दुआ

श्रद्धा आणि उपचार यांचा प्रश्न एका धर्मापुरता नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली. साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात मृत्युमुखी पडले. बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. पुढे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट बंदी केली.

या दुर्घटनेतून दुसराही मार्ग निघाला. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथे मुजावरांना मानसिक आजारांची लक्षणे ओळखण्यास शिकवले गेले. येणाऱ्याची श्रद्धा न मोडता त्याला डॉक्टरकडे पाठवण्याचे काम ते करू लागले. पाठवणारा माणूस विश्वासातला असल्याने रुग्णही उपचारास तयार होतो. जामसांवलीसारख्या स्थळाविषयी विचार करताना हा अनुभव मोलाचा आहे. शाळेतील शिक्षकही पालकांच्या असाच विश्वासातला असतो.

शिक्षकाची साक्ष म्हणजे काय

अतिचंचलतेच्या निदानासाठी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी व शाळेतही, दिसणारी असावी लागतात. ही शेवटची अट शिक्षकाच्या माहितीशिवाय पुरी होत नाही. मात्र साक्ष ही मतापेक्षा वेगळी असते. 'लक्ष देत नाही, उनाड आहे' हे मत झाले. 'वीस मिनिटांच्या लेखनात पाच वेळा उठला. तोंडी उत्तरे बरोबर, लेखी अपुरी. सकाळच्या तासापेक्षा दुपारी अधिक अस्वस्थ' ही साक्ष झाली. असे दोन-तीन आठवड्यांचे टिपण डॉक्टरला पानभर शिफारसपत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. औषध सुरू झाल्यानंतर हेच टिपण पुढे चालू ठेवावे लागते. भूक, झोप, उदासपणा यांतील बदल त्यात नोंदवावे लागतात.

त्याआधी काही साध्या गोष्टी पाहाव्या लागतात. मुलाला ऐकू नीट येते काय, फळा दिसतो काय, रात्री पुरेशी झोप मिळते काय, अंगात रक्त कमी आहे काय? काही मुलांना क्षणभर भान हरपण्याचा फेफऱ्याचा सौम्य प्रकार असतो. तो वरवर दुर्लक्षासारखाच दिसतो. आणि सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात एक प्रश्न अवश्य विचारला पाहिजे : मुलाला वर्गाची भाषा कळते काय? घरी मराठी आणि पुस्तक हिंदी, किंवा घरी दखनी आणि परीक्षेची भाषा भलतीच, अशा मुलाचे लक्ष उडणे हा विकार नाही. त्यावर गोळी नाही. त्यावर शिक्षकच हवा.

महाविद्यालयीन शिक्षकांकडे येणारा विद्यार्थी तर अनेकदा शाळेत कधीच तपासला न गेलेला असतो. प्रवेश घेतो, प्रकल्प अर्धवट टाकतो, हजेरीत कमी पडतो आणि निघून जातो. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्या शालेय वर्षांची चौकशी करणे, कामाचे लहान भाग करून देणे, पुढील बाकावर जागा देणे यासाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नसते.

समारोप

सव्वाशे वर्षांत या मुलांची नावे बदलली, औषधे आली, वाद झाले. गोळीने अनेक मुलांना वर्गात टिकवले आहे. चुकीच्या हाती आणि घाईने दिली गेल्यास तिने मुलांवर अन्यायही केला आहे. दोन्ही बाजूंच्या मुळाशी शिक्षकाचा शब्द होता. तो शब्द काळजीपूर्वक असला तेव्हा मुलाला लाभ झाला, घाईचा असला तेव्हा मुलाला त्याची किंमत मोजावी लागली. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. औषध सुचविणे वा बंद करणे हेही नाही आणि दुआ मागणाऱ्या पालकाला हिणवणे तर मुळीच नाही. पाहणे, लिहिणे आणि पालकांच्या विश्वासाला जपून त्यांना योग्य दारापर्यंत पोहोचवणे हे मात्र त्याचेच काम आहे. अध्यापक विद्यालयांच्या व महाविद्यालयांच्या प्रशिक्षणात अशा टिपणाचा सराव समाविष्ट झाल्यास जामसांवलीच्या वाटेवरील घरांना त्याचा सर्वांत आधी उपयोग होईल.